श्रावणातली जिवती आणि मायची पाचवी चिमूट



दिव्याची अवस झाली की दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि आपल्यातल्या कितीतरी जणींच्या दारावर जिवतीचा कागद चिकटतो. आज त्या कागदाविषयी बोलायचं आहे. हे बोलणं आम्हा तिघी बहिणींचं मिळून आहे. थोरलीनं सांगितलं, मधलीनं मधे मधे अडवलं, धाकटीनं लिहून काढलं. म्हणून सगळीकडे 'आम्ही' असंच म्हणू.

आमचं माहेर जिवती तालुक्यातलं, माणिकगडच्या पहाडावरचं. तालुक्याचं नाव जिवती आणि दारावरच्या देवीचंही नाव जिवती. खाली राजुऱ्याला एसटीत कुणी विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?" आणि आम्ही "जिवतीच्या" म्हटलं, की एखादी म्हातारी हसून म्हणते, "मग तुम्हाला लेकरांची काय काळजी!" काळजी असतेच, बाई. पण ऐकायला बरं वाटतं.

आमची माय 2024 च्या माघात गेली. तिची आठवण कोणत्या दिवशी करायची, कुणी करायची, कशी करायची, यावरून घरात दोन श्रावण बोलाचाली झाली. आमच्या गटाच्या बैठकीत हे निघालं तेव्हा कळलं की पाच-सहा घरांत असाच पेच आहे. तेव्हा आम्हाला जे समजलं ते सांगतो.

आधी कागदाची ओळख. आठवडी बाजारात थोड्या पैशांत मिळतो, पातळ असतो, शाई हाताला लागते. त्यावर वरून खाली चार चित्रं असतात. सगळ्यांत वर खांब फोडून निघालेला नरसिंह, जवळ प्रल्हाद. त्याखाली कालिया नागाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण. तिसरं चित्र जरा आणि जिवंतिका, या दोघी बायांचं. अंगाखांद्यावर लेकरं, मांडीवर लेकरं, पाळण्यात लेकरं. आणि तळाला बुध आणि बृहस्पती, एक हत्तीवर आणि एक वाघावर. आता ही चौघं एका कागदावर कशी आली? नरसिंह प्रल्हादासाठी धावला, म्हणजे लेकरावर घरातूनच संकट आलं तर राखणारा. कृष्णानं डोहातल्या सापाला हटवलं, म्हणजे खेळताना, पाण्यावर, रानात संकट आलं तर राखणारा. पावसाळ्यात पहाडावर साप किती निघतात ते तुम्हाला सांगायला नको. बुध-बृहस्पती पुढच्या आयुष्यासाठी, विद्येसाठी आणि बरकतीसाठी. आणि मधल्या दोघी जन्मासाठी.

त्या दोघींतली जरा कोण, हे आम्हाला लहानपणी माहीत नव्हतं. ती राक्षसी आहे. महाभारतात सभापर्वात तिची गोष्ट येते. मगधाचा राजा बृहद्रथ, त्याला दोन राण्या, मूल नाही. एका ऋषीनं आंबा दिला. राण्यांनी तो निम्मा निम्मा खाल्ला, आणि दोघींना अर्धं अर्धं लेकरू झालं. एक हात, एक पाय, अर्धं तोंड. घाबरून दायांनी ते तुकडे गुंडाळून चव्हाट्यावर टाकले. तिथं जरा आली. न्यायला सोपं जावं म्हणून तिनं दोन्ही तुकडे एकत्र धरले, तर ते जुळले आणि लेकरू रडायला लागलं. खाण्याऐवजी तिनं ते राजाला नेऊन दिलं. तोच जरासंध, जरेनं सांधलेला. पुढं भीमानं त्याला चिरला ती गोष्ट वेगळी. पण त्याच ठिकाणी जरा राजाला सांगते की जो घराच्या भिंतीवर लेकरांनी वेढलेलं माझं चित्र काढील, त्याच्या घरी भरभराट होईल. म्हणजे आपण दारावर कागद चिकटवतो त्याचं मूळ इतकं जुनं आहे. आणि पाहा, लेकरं राखायला बायांनी कुणाला दारावर बसवलं? गावाबाहेरच्या, भीती वाटणाऱ्या बाईला. आम्हाला हे फार आवडतं.

माय जिवती कशी पुजायची ते आता सांगतो. ती मूळची नांदेड जिल्ह्यातली, मुखेडकडची. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबं या पहाडावर आली. त्यात आमचे आजा-आजी, बा आणि नवी नवरी असलेली माय. सोबत एक जातं, दोन पातेली आणि गाठोडं. ज्वारी पेरली, पुढं कापूस पेरला, पाण्यासाठी झऱ्यावर गेली, आणि श्रावण आला की जिवती मांडली. आखाडाच्या शेवटी कागद चिकटवायचा. दर शुक्रवारी हळदकुंकू, आघाडा आणि दूर्वांची माळ, कापसाचं वस्त्र. कापूस घरचाच, म्हणून वस्त्र मात्र मोठं असायचं. नैवेद्याला दूध-साखर आणि फुटाणे. आणि शेवटच्या शुक्रवारी पुरणाचे दिवे.

दिव्यांवर थोडं थांबतो, कारण हल्ली पोरी ते करत नाहीत. एक वाटी हरभऱ्याची डाळ, एक वाटी गूळ. डाळ बोटानं दाबली की मोडेल इतकी शिजवायची, पाणी पूर्ण निथळून घ्यायचं. त्याची येळवणी होते, ते टाकायचं नाही. मग गूळ घालून आटवायचं, आणि उलथनं मधोमध उभं राहीपर्यंत ढवळायचं. इथंच घाई होते. पुरण सैल राहिलं तर दिवा ओवाळता ओवाळता बसतो. वाटल्यावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा, अंगठ्यानं खळगा करायचा, काठ जाड ठेवायचे. माय सैल पुरणात चमचाभर कणीक मळून घ्यायची आणि म्हणायची, "देवीला काय कळतंय." तुपात भिजवलेली फुलवात ठेवायची, पाच किंवा सात दिवे ताटात मांडायचे, आधी जिवतीला ओवाळायचं आणि मग लेकरांना. वात विझली की दिवा ज्याचा त्यानं खायचा. तूप मुरलेला, खाली थोडा करपलेला, वातीच्या वासाचा तो दिवा. दुसऱ्या कुठल्याही गोडाला तो वास नाही.

आता लेकरं घरी असली तर ओवाळता येतात. नसली तर? त्यासाठी तांदूळ. माय दारात उभी राहून चिमूटभर तांदूळ घ्यायची, लेकरू ज्या दिशेला असेल त्या दिशेला टाकायची, आणि मनात म्हणायची, जिथं असेल तिथं सुखी राहो. भाऊ आश्रमशाळेत होता तेव्हा त्याच्या दिशेला. थोरली लग्न होऊन सीमेवरच्या गावात गेली तेव्हा तिकडे. हे गाव म्हणजे ज्या 14 गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात, त्यांतलं एक. थोरलीच्या शेजारणी तेलुगू बोलतात. त्यांच्यातही श्रावणाच्या शुक्रवारी वरलक्ष्मीचं व्रत असतं, कलश मांडतात, पण त्यात भर सौभाग्यावर आणि लक्ष्मीवर. जिवतीचा भर लेकरावर. हा फरक ध्यानात ठेवा, पुढं तो कामाला येणार आहे.

तांदूळ टाकायची रीत जिवतीच्या कहाणीतून आली. कहाणी तुम्ही ऐकली असेल, तरी आमच्या शब्दांत सांगतो. एका नगरात राणीला मूल नव्हतं. तिनं सुईणीला पैसे देऊन एका गरीब ब्राह्मणीचं लेकरू पळवलं. बाळंतिणीचे डोळे बांधले, लेकरू राणीकडं पोचवलं, आणि बाईपुढं वरवंटा ठेवून सांगितलं, हाच झाला तुला. बाईला पटलं नाही. आपल्या पोटी वरवंटा कसा येईल? तिनं श्रावणातल्या शुक्रवारी जिवती पुजायला सुरुवात केली. हिरवं नेसायचं नाही, हिरव्या बांगड्या भरायच्या नाहीत, तांदळाचं धुवण ओलांडायचं नाही, असा नेम धरला. दर शुक्रवारी तांदूळ उडवून म्हणायची, माझं बाळ असेल तिथं खुशाल असो. ते तांदूळ राजवाड्यात त्या बाळाच्या डोक्यावर पडायचे. मुलगा मोठा झाला, राजा झाला. वडिलांचे पिंड द्यायला गयेला गेला, तर पिंड घ्यायला एकाच्या जागी दोन हात वर आले. असं का, हे कुणी सांगेना. सगळ्या गावाला जेवायला घाल, म्हणजे कळेल, एवढंच सांगितलं. राजानं शुक्रवारी गावजेवण घातलं. ब्राह्मणी म्हणाली, माझा नेम आहे, मी धुवण ओलांडणार नाही. राजानं तिची वाट सारवून घेतली आणि तिला बोलावलं. तो वाढायला तिच्या पानासमोर आला, आणि तिला पान्हा फुटला. धार सरळ त्याच्या तोंडात. तेव्हा सगळं उघड झालं.

ही कहाणी आम्ही दरवर्षी ऐकली आणि दरवर्षी पान्ह्याला येऊन थांबलो. मायच्या मागं ती पुन्हा आठवली तेव्हा दुसरीच गोष्ट दिसली. गयेला हात वर आले ते बापांचे. एक वाढवणारा, एक जन्म देणारा. पिंड बापांपर्यंत पोचला. आई कोण हे मात्र गयेत कळलं नाही, ते घरी पंगतीत कळलं.

याचा आणि आमचा संबंध असा. माय गेली, दहावा-तेरावा झाला, आणि पितृपंधरवडा जवळ आला तसा भाऊ म्हणाला की मायचं नवमीला करू. भाद्रपद वद्य नवमीला अविधवा नवमी म्हणतात. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या बायांची आठवण करतात, सवाष्णीला जेवू घालतात, चोळीखण देतात. पण नावातच आलं आहे, अविधवा. जी नवऱ्याआधी गेली तिचीच ती नवमी. इतकंच नाही, तर नवरा आहे तोपर्यंतच ती करायची अशी रीत आहे. पुढं तोही गेला की नवमी बंद. आमचे बा 1998 च्या दिवाळीनंतर गेले. माय त्यांच्यामागं पंचवीस वर्षं जगली, चार लेकरं एकटीनं वाढवली, वनजमिनीच्या कागदासाठी तहसीलात किती चकरा मारल्या त्याचा हिशेब नाही. आणि शेवटी नवमीला तिचा नंबर लागत नाही. का? तर ती जगली म्हणून.

शास्त्रात आईला जागा नाही असं आम्ही म्हणत नाही. गयेला आईच्या नावानं सोळा पिंड वेगळे देतात, त्याला मातृषोडशी म्हणतात. एकेका पिंडाला आईनं लेकरासाठी काय काय सोसलं ते सांगतात, नऊ महिन्यांचं ओझं, कळा, ओल्या अंथरुणात काढलेल्या रात्री. गुजरातेत सिद्धपूरला तर मातृगयाच म्हणतात. ऐकलं तेव्हा आमच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिथवर जायला पैसा लागतो, आणि पिंड द्यायला बसतो तो मुलगा. आपल्याकडं अक्षय तृतीयेला मातीच्या घागरीत पाणी भरून पितरांना घास ठेवतात, तिथंही पाट भावाचाच. भाऊ वाईट नाही, त्यानं सगळं मनापासून केलं. तिथीला केलं, सर्वपित्रीलाही पान ठेवलं. पण आम्ही तिघी स्वयंपाक करून बाजूला उभ्या राहिलो. आपल्या मायची आठवण करायची आणि आपल्या हाताला काहीच नाही, हे कुठंतरी टोचत राहिलं.

पहिल्या वर्षी सण करत नाहीत. म्हणून 2024 च्या श्रावणात माहेरी जिवती चिकटवली नाही. त्याच महिन्यात आम्ही मायची कोठी हलवली. ज्वारीची मातीची कोठी, तळाला उंदरांनी पोखरलेली. ती सरकवली तर मागच्या भिंतीवर जिवती.

हे नीट सांगायला हवं. बा गेले त्याच्या पुढच्या श्रावणात भावकीतल्या एका वडीलधाऱ्या बाईनं मायला सांगितलं होतं की आता तू दारावर जिवती लावू नकोस, हळदकुंकवाला हात लावू नकोस, सूनबाई येईल तेव्हा ती करील. सून यायला अजून दहा-बारा वर्षं होती! माय बोलली नाही. दारावरचा कागद बंद झाला. तांदूळ मात्र ती टाकायची, मागच्या दारातून, हे आम्ही पाहिलेलं. आम्हाला वाटलं, तेवढंच ती करते. प्रत्यक्षात तिनं देवी कोठीमागं नेली होती. भिंत आणि कोठी यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट. त्या फटीत दरवर्षी नवा कागद जुन्यावर चिकटवलेला, पुठ्ठ्यासारखा जाड थर. आणि सगळ्यांत वरच्या कागदावर, जरा-जिवंतिकेच्या कपाळावर, हळदकुंकवाची बोटं. सुकलेली, पण स्पष्ट. खालचे थर आम्ही सोलून पाहिले नाहीत, फाटले असते.

थोरली तिथंच खाली बसली. मधलीला मात्र एक जुनी गोष्ट आठवली. तिचा नवरा 2019 ला गेला, दोन लेकरं. दुःखवट्याला माय तिच्याकडं आठ दिवस राहिली होती, आणि निघताना म्हणाली होती, "जिवती नवऱ्याची नसते, लेकरांची असते. लेकरं आहेत ना तुला?" मधलीनं तेव्हा ते नुसतं धीराचं बोलणं समजून सोडून दिलं होतं. सासरी तिच्या लेकरांना शुक्रवारी जाऊ ओवाळायची. माया होती जावेची, तक्रार नाही. पण आई दाराआड उभी आणि लेकरांपुढं ताट दुसरीच्या हातात. धाकट्या पोरानं एकदा विचारलं, "आई, तू का नाही ओवाळत?" तिनं सांगितलं, हाताला भाजलंय.

शेजारी एक गोंड आजी आहेत. आमच्या सगळ्यांच्या बाळंतपणाला त्याच होत्या. त्या वेळी पहाडावर ना रस्ता, ना गाडी. आज 102 ला, 108 ला फोन लावता येतो, तोही रेंज असेल तर. कोठीमागची जिवती पाहायला त्या आल्या. बोलता बोलता आम्ही म्हटलं, माय तांदूळ टाकायची चार दिशांना आणि मग एक चिमूट वर, टिनाच्या पत्र्यावर. पत्र्यावर तांदूळ पडल्याचा आवाज आमच्या कानात आहे. आम्ही समजत होतो, ती पाखरांसाठी. आजी म्हणाल्या, "पाखरांसाठी कशाला? तो पहिला पोरगा. नवव्या दिवशी गेला. त्याच्यासाठी टाकत होती ती."

आम्हाला भाऊ होता हे आम्हाला माहीत नव्हतं. मायनं पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नाही. फक्त दर श्रावणात पाच चिमटी टाकल्या.

आजींनी आणखी एक सांगितलं. त्यांच्या घरी नवं धान्य आलं की आधी घरातल्या गेलेल्यांना दाखवतात आणि मगच आपण खातात. त्यांच्या लेखी गेलेलं माणूस घरातलंच. "तुमची मायपण तेच करत होती," त्या म्हणाल्या. आम्ही इतके दिवस मायसाठी दिवस शोधत होतो. नवमी नाही, गया परवडत नाही. आणि तिनं स्वतःच गेलेल्या लेकराला जिवतीच्या शुक्रवारी जागा करून ठेवली होती.

मग 2025 चा श्रावण आला. त्या वर्षी श्रावण शुक्रवारीच लागला, 25 जुलैला, आणि शेवटचा शुक्रवार पिठोरी अमावास्येला, 22 ऑगस्टला आला. असे पाच शुक्रवार मिळाले. आम्ही ठरवलं की शेवटच्या शुक्रवारी तिघींनी माहेरी जमायचं. वहिनीनं आनंदानं होकार दिला. दिवे कोण करणार, गूळ कोण आणणार, सगळं ठरलं. ताट कुणाच्या हातात, एवढंच ठरलं नाही.

आणि इथं आडवी आली ती थोरली. हे लिहायला तिनंच सांगितलं आहे. धाकटी म्हणाली, ताट मधलीनं घ्यावं. थोरली म्हणाली, "घरात लेकरंबाळं आहेत, उगीच विषाची परीक्षा कशाला? मी ओवाळते, ती बाजूला बसेल." मधली काहीच बोलली नाही. ती उठून भांडी घासायला गेली. त्या रात्री थोरलीला झोप लागली नाही. मायला ज्या बाईनं अडवलं होतं तिच्यावर आम्ही इतकी वर्षं राग धरला, आणि आज तेच शब्द आपल्या तोंडून आले, हे तिचं तिला कळलं. पण मनातली भीतीही खोटी नव्हती. लेकरांचं काही झालं तर, ही भीती कुठल्याही आईला सुटत नाही. अडवणाऱ्या बाया दुष्ट असतात असं नाही, बऱ्याचदा त्या घाबरलेल्या असतात. भीतीपोटी त्या दुसऱ्या आईला दाराआड ढकलतात.

या बाबतीत एक माहिती गटाच्या सगळ्यांना असावी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आपल्या गावात बंद, आणि अशा बाईला कार्यक्रमांपासून दूर ठेवायचं नाही. त्याच महिन्याच्या 17 तारखेला राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे तुमच्या ग्रामसभेत हा विषय मांडायचा असेल तर नवीन काही करावं लागत नाही, हेरवाडचं नाव घेऊन मांडता येतो. ठराव झाला की दुसऱ्या दिवशी सगळं बदलतं, असं मात्र समजू नका. ठराव चावडीवर होतो, ताट घरात असतं.

सकाळी थोरली उठली आणि कोठीमागचा जाड थर पाहत उभी राहिली. कागद आता उघडा होता, कोठी आम्ही परत तिथं ठेवलीच नव्हती. माय पंचवीस वर्षं याच हातानं कुंकू लावत होती आणि आम्ही चौघं जिवंत आहोत. तिनं मधलीला हाक मारली आणि ताट तिच्या हातात दिलं. "भाजलंय का हाताला?" एवढंच म्हणाली. मधली हसली, मग रडली, मग दिवे विझतील म्हणून वहिनी ओरडली.

भावकीतल्या दोन बाया आल्या नाहीत. एक आल्या, बसल्या, पण त्यांनी आपल्या नातवाला पुढं केलं नाही. आम्ही आग्रह केला नाही. दिवे सात केले होते, त्यातला एक बसला. मधलीनं आधी भिंतीवरच्या जिवतीला ओवाळलं, मग आपल्या दोन्ही लेकरांना, मग सगळ्यांच्या. धाकट्यानं आपला दिवा वात विझायच्या आधीच उचलला आणि बोट भाजून घेतलं.

मग एक अडचण आली, जिचा आम्ही विचारच केला नव्हता. लेकरं ओवाळून झाली. आम्हाला कोण ओवाळणार? थोरली पन्नाशीला आली, पण मायपुढं ती दरवर्षी पाटावर बसायचीच. पिठोरी अमावास्येला काही घरांत आई वाण डोक्यावर धरून पाठमोरी विचारते, अतीत कोण? आणि लेकरू म्हणतं, मी आहे. म्हणून या दिवसाला मातृदिन म्हणतात. आमच्या घरी ही रीत नव्हती, पण ती विचारणारीच नसली की प्रश्न कसा रिकामा राहतो, ते त्या दिवशी समजलं. शेवटी गोंड आजींना बोलावलं. त्या त्यांच्या घरी पोळ्याच्या गडबडीत होत्या, तशाच आल्या, हातालाही माती. त्यांना जिवती मांडायची रीत माहीत नाही, ताट कसं फिरवायचं तेही विचारून घेतलं. आम्ही चौघं भावंडं ओळीनं बसलो आणि ज्यांनी आम्हाला या जगात ओढून काढलं त्यांनी आम्हाला ओवाळलं. भावाची मान खाली होती.

तांदूळ टाकायला सगळे अंगणात आलो. लेकरं सगळी तिथंच होती, फक्त थोरलीचा मुलगा पुण्याला कंपनीत, म्हणून एक चिमूट तिकडं. मग पाचवी. ती कोण टाकणार यावर आम्ही काही बोललो नव्हतो. भावानं पुढं होऊन मूठ भरली, चिमूट कशाला म्हणाला, आता तिथं दोघं आहेत. पत्र्यावर सडा पडल्यासारखा आवाज झाला. निम्मे तांदूळ उतारावरून घरंगळले आणि खाली सजवून उभ्या केलेल्या बैलांच्या पाठीवर पडले. शिंगांना बेगड, अंगावर झूल, पोळ्याला निघायची वेळ झालेली. पांढऱ्या बैलानं कातडी थरथरवली, आणि धाकटीचा मुलगा ओरडला, "मामा, चला, तोरणाखाली सगळे बैल गेले!"